बारा वर्षांचं तेल

मटार सोलताना माणसाला खोटं बोलता येत नाही, असं माझं जुनं मत आहे. हात गुंतलेले, नजर खाली, मधूनमधून शेंग फुटल्याचा टप् असा आवाज, आणि त्या आवाजाच्या आडून मनातलं काहीबाही बाहेर पडत राहतं. झाशीत पौषात अकराच्या आधी ऊन नसतं. तोवर सगळं शहर कोहऱ्याच्या, म्हणजे दाट धुक्याच्या, दुलईत. किल्लासुद्धा दिसत नाही, एवढा मोठा किल्ला! मग अकराच्या सुमाराला कोणीतरी पांघरूण ओढून घ्यावं तसं लख्ख होतं, आणि घरोघरच्या बायका परात, चटई, लोकर, नातवंडं असं सगळं घेऊन छतावर चढतात.

यंदा मीही चढले. माझ्याबरोबर नात, मिनू. तिला मराठी सगळी कळते, बोलायची म्हटलं की जीभ अडते. मी मराठीत विचारते, ती हिंदीत सांगते, आमचं काही अडत नाही. ती मटार सोलायला बसली होती, पण चार शेंगा झाल्या की एकदा मोबाइल, असं तिचं चाललं होतं.

"आजी, आपकी वो दिये वाली पिक्चर मिल गई," ती म्हणाली. "पूरी की पूरी. साफ़ प्रिंट."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

दिव्याचा सिनेमा. त्याचं खरं नाव चांगलं लांबलचक, जड होतं, पण आमच्या रेल्वे कॉलनीत कोणी ते घेतलं नाही. दिव्याचा सिनेमा म्हटलं की कळायचं. जुन्या काळच्या एका गढीची दंतकथा होती. राजा लढाईवर जातो. जाताना राणीला सांगतो, गढीच्या बुरुजावर रोज संध्याकाळी दिवा लाव, तो बघून मी नदीपलीकडून वाट ओळखेन. राणी दिवा लावते. एक वर्ष, दोन वर्षं, बारा वर्षं. आणि गाणी! अकरा गाणी होती. राणी दिवा लावताना गाते, दासी तेल घालताना गाते, राजा तिकडे तलवार पुसताना गातो. शेवटी वादळ येतं, राणी ज्योत ओंजळीत धरते, हात पोळतात, ती जाते, दिवा राहतो. पहाटे राजा येतो आणि अकरावं गाणं म्हणतो. त्या वेळी बाल्कनीत एकही डोळा कोरडा नसायचा.

मिनूने सिनेमा सोडून आधी खालची मतं वाचायला घेतली. आता म्हणे सिनेमा बघायचा, आणि खाली जगभरच्या लोकांनी काय लिहिलंय तेही बघायचं.

"सुनो. एक लिखता है, मेरे दादाजी यह गाना गाकर भैंस दुहते थे. एक लिखती है, राजा की मूँछ दूसरे हिस्से में टेढ़ी है. ये देखो, ऐसी औरतें अब कहाँ. ये भी, ऐसा इंतज़ार अब कौन करता है. आजी, सब यही लिख रहे हैं. ऐसी औरतें अब कहाँ."

मी म्हटलं, "हे सगळं मी आधी ऐकलंय गं."

"कहाँ?"

कुठे सांगू? फोनमध्ये नाही. हळदीकुंकवाला.

*

माझं लग्न होऊन मी भुसावळहून झाशीला आले, तो माझा पहिला हिवाळा. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, आणि दात वाजतील अशी थंडी. भुसावळला आम्ही थंडी म्हणायचो ती इथल्या लोकांची फाल्गुनातली हवा. सासूबाई, म्हणजे आमच्या माई, त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "सूनबाई, इथे आपण मूठभर आहोत. तेव्हा प्रत्येकीच्या घरी जायचं आणि प्रत्येकीला बोलवायचं. रुसवाफुगवा परवडत नाही."

मूठभर म्हणजे दोन तऱ्हांचे. एक आम्ही, रेल्वेबरोबर आलेले. आमच्यात बायकांना नवऱ्याच्या कामावरून नाव. गार्डकाकू, पार्सलवहिनी. दुसरे शहरातले, दतिया गेटाच्या आतले, ज्यांचे पूर्वज सरदारांबरोबर घोड्यावरून आले आणि परत गेलेच नाहीत. ते आम्हाला थोडे उपरे समजायचे, आम्ही त्यांना थोडे शिष्ट समजायचो, आणि संक्रांत ते रथसप्तमी सगळ्या एकमेकींच्या घरी तिळगूळ खात बसायचो.

त्याच हिवाळ्यात टॉकीजला दिव्याचा सिनेमा पुन्हा लागला. बुधवारी दुपारी जनाना खेळ असायचा, फक्त बायकांचा. चार टांगे करून आम्ही निघायचो. बडा बाज़ारात टांगा अडायचाच, मग भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडकी घ्यायची, पदराआड लपवायची. खेळ सुरू होईपर्यंत आत असा कलकलाट, की पडद्यावर पाटी आली तरी कोणाला कळायचं नाही. दिवा दिसला की मात्र चिडीचूप. एखादं पोर रडलं तर त्याच्या आईला दहा जणी "श्श" करायच्या.

मी तो सिनेमा त्या हिवाळ्यात तीनदा पाहिला. आणि खरं सांगू का, सिनेमापेक्षा त्याच्यानंतरचं बोलणं जास्त पाहिलं. हळदीकुंकू आज एकीकडे, परवा दुसरीकडे, आणि सिनेमाचा वाद तिळगुळाच्या डब्यासारखा या घरून त्या घरी.

गार्डकाकूंचा सगळा राग राजावर. "मेलं ते पोट बघा! हा लढाईला गेला होता की जेवणावळीला? बारा वर्षांनी आला तर घोडा हाशहुश करतोय."

पार्सलवहिनी म्हणायच्या, "आणि घोडा दोन्ही सैन्यांत तोच. कपाळावरचा पांढरा ठिपका मी ओळखला."

माई गाण्यांवर खूश. दासीचं तेल घालायचं गाणं त्या स्वयंपाकघरात म्हणायच्या, फोडणी करताना. तेल म्हटलं की तेच.

पण शेवटी सगळं येऊन थांबायचं राणीवर. कशी राहिली, कशी झुरली, एकदासुद्धा तक्रार नाही. "बायकांनी असं असावं," कोणीतरी म्हणायचं आणि सगळ्या एक सुस्कारा टाकायच्या. आणि मग, मला हे चार-पाच घरांनंतर कळलं, त्या सुस्काऱ्याबरोबर सगळ्यांचे डोळे अगदी हळूच एका कोपऱ्याकडे वळायचे.

त्या कोपऱ्यात कमलताई बसलेल्या असायच्या.

*

कमलताई दतिया गेटाच्या. तेव्हा असतील सव्वीस वर्षांच्या. त्यांचे यजमान एका सकाळी डबा घेऊन कामावर गेले ते परतलेच नाहीत. त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. कोणी म्हणे साधू झाले, कोणी म्हणे इटारसीच्या फलाटावर दिसले, कोणी काहीच म्हणेना, नुसती मान हलवे. मूलबाळ नव्हतं. सासू-सासरे होते, आणि कमलताईंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं.

आमच्याकडे एक रीत पडली होती. कोणी ठरवलेली नव्हे, आपोआप पडलेली. हळदीकुंकू कोणाच्याही घरी असो, वयाने कोणीही मोठं असो, पहिलं कुंकू कमलताईंना. "आधी कमलला लावा," माई म्हणायच्या. "तिच्या पुण्याईने सगळ्यांचं भलं होतं." त्या मुकाट्याने कपाळ पुढे करायच्या. त्यांची जागा सगळ्यांत मानाची, आणि त्या जागेवर त्यांच्याशी फारसं कोणी बोलायचं नाही. देवाशी कुठे आपण गप्पा मारतो!

माझ्याशी त्या बोलल्या, कारण मी नवी होते. मला हाकच मारायच्या "नवी" म्हणून. पहिल्यांदा सिनेमाला गेलो तेव्हा त्या माझ्या शेजारी. सगळ्या मुसमुसत होत्या, मीही. कमलताई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "दिव्याला काच नाही गं. बुरुजावर वारा असतो. एक दिवस तरी टिकेल का?" मला रडताना हसू फुटलं आणि मागच्या बाईने माझ्या पाठीत कोपर मारलं.

मग एका शुक्रवारी त्यांनी मला महालक्ष्मीला नेलं. लक्ष्मी तालाच्या काठाने आम्ही चालत होतो. पाणी धुक्यात अर्धं दिसत होतं, अर्धं नव्हतं. देऊळ झाल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि पोलक्यातून एक घडी केलेलं पत्र काढलं.

"वाच," म्हणाल्या.

त्यांच्या भावाचं होतं, नागपूरचं. लिहिलं होतं, शिक्षिकेच्या शिक्षणाला इथे जागा आहे, फॉर्म मी आणून ठेवलाय, राहायला माझं घर आहे. रथसप्तमीपर्यंत हो की नाही ते कळव.

"मग?" मी विचारलं. "जाणार?"

"गेले तर म्हणतील, दिवा सोडून गेली." एवढं म्हणून त्या हसल्या. सिनेमातलंच बोलल्या, पण हसू सिनेमातलं नव्हतं. "घरात अजून बोलले नाही. तुलाच पहिल्यांदा दाखवलं."

"मला का?"

"तू अजून कोणाच्या बाजूची झाली नाहीस म्हणून."

त्या वाक्याचा मला केवढा अभिमान वाटला होता! वीस वर्षांची होते. परतताना वाटभर मी सरळ पाठीने चालले.

*

आता रामकलीचं सांगते. रामकली बेतवेकाठच्या एका गावाहून भाजी घेऊन यायची. डोक्यावर टोपली, कमरेला लुगड्याचा घट्ट कासोटा, आणि आवाज असा की दोन गल्ल्या आधी कळे. सकाळी आमच्या ओट्याशी मटार मापून देताना मी तिला हौसेने सिनेमाची गोष्ट सांगितली. माझं तेव्हाचं हिंदी म्हणजे अर्धं मराठी, पण तिला कळलं.

तिने टोपलीवरचा हात काढला. "जो का कै रईं, बाई? जा तौ हमाए उतै की किस्सा है. ऐसो नईं भओ."

म्हणजे ही गोष्ट तर तिच्याच भागातली. आणि तिच्या गावात ती अशी नाही सांगत. तिच्या गावात राणीने बारा वर्षं दिवा लावला खरा, पण एका संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने तो विझवला, बुरूज उतरली, नाव काढली आणि नदीपार निघून गेली.

"अपने हाथ सें बुझा दओ," रामकली म्हणाली. "कई, अब जीखौं आउनें होय, सो दिन में आ जाए."

ज्याला यायचं असेल त्याने आता दिवसा यावं. हे सांगून ती हसली, तिच्या तंबाखूच्या दातांसकट, आणि वर मूठभर मटार जास्त टाकून गेली. मी ओट्याशी तशीच उभी. मला वाटलं, हे धावत जाऊन कमलताईंना सांगावं.

धावत जाणार कुठे? नवी सून होते. दतिया गेट लांब. आणि दोनच दिवसांनी आमच्याच घरी हळदीकुंकू होतं, त्या येणारच होत्या. म्हटलं, तेव्हा सांगू.

*

माझं पहिलं हळदीकुंकू. माईंनी वाण ठरवलं होतं फुलवातींच्या पुड्यांचं. हातवळल्या वाती, आठ दिवस आम्ही दोघी कापूस घेऊन बसलो होतो. क्वार्टरच्या दोन खोल्या बायकांनी भरलेल्या, अत्तरदाणी फिरतेय, कोणाचा तिळगूळ कडक झाला म्हणून हसू. मी करंडा घेऊन उभी. "आधी कमलला," माई म्हणाल्या. मी लावलं. त्यांचं कपाळ थंडगार होतं.

सिनेमाचा विषय निघालाच. गार्डकाकूंनी राजाच्या पोटाचा समाचार घेतला. मग एकदम, कधी न बोलणाऱ्या कमलताई बोलल्या.

"पण मी काय म्हणते, तिने दिवा विझवला असता तर?"

एकीच्या हातातली वाटी वाजली तेवढीच.

"कोणी? राणीने?" पार्सलवहिनी म्हणाल्या.

"हो. कंटाळून म्हणा, कशानेही म्हणा. विझवला आणि गेली. तर ती वाईट का?"

"अगंबाई, मग सिनेमा कशाला काढतील तिच्यावर?" गार्डकाकू हसत म्हणाल्या. कोणी म्हणालं, असं कसं विझवेल. कोणी म्हणालं, मग तो आला कसा असता परत. कमलताई प्रत्येकीकडे बघत होत्या. नुसतं बघत नव्हत्या, शोधत होत्या. मला तेव्हाही कळत होतं. तिथे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं की हा सिनेमा नाही, हे नागपूरचं पत्र आहे.

तेवढ्यात माई कौतुकाने म्हणाल्या, "आमच्या सूनबाईला विचारा. मॅट्रिक आहे ती. सांग गं, तुझं काय मत?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. माझ्या जिभेवर रामकलीची राणी होती, बुरूज उतरून, नाव पाण्यात सोडून तयार. नुसतं तोंड उघडायचं होतं. आणि समोर माई. नव्या सुनेने काय बोलावं हे ऐकायला आसुसलेल्या पंधरा-वीस बायका.

मी म्हणाले, "वाट पाहिली म्हणूनच ती राणी. नाहीतर गढीत बायका काय कमी होत्या?"

"वा!" गार्डकाकू म्हणाल्या. "काय बोलली पोर!" माईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. अख्ख्या हिवाळ्यात मला एवढी ऊब कधी मिळाली नव्हती.

कमलताई हसल्या. मान हलवली, हो म्हटल्यासारखी. मी त्यांच्या ओटीत वातींची पुडी घातली तेव्हा म्हणाल्या, "छान वळल्यात गं. एकसारख्या."

रथसप्तमी झाली. नागपूरला "नाही" गेलं.

*

त्यानंतरची वर्षं मी कशी सांगू? वाईट होती असं नाही. कमलताईंनी शिवणाचं मशीन घेतलं. मी त्यांना काम आणायची, सगळ्या आणायच्या. कोणाचं पोलकं, कोणाच्या साडीला फॉल, कोणाच्या मुलीचं परकर-झंपर. सणाला पहिलं ताट त्यांच्याकडे. दर संक्रांतीला पहिलं कुंकू त्यांना. नव्या सुना आल्या की आम्ही दाखवायचो, "ह्या कमलताई. यांच्या पाया पड." त्यांच्या सासू-सासऱ्यांचं त्यांनी शेवटपर्यंत केलं. यजमान जाऊन बारा वर्षं झाली तेव्हा काय करायचं असतं, कुठले विधी, कपाळाचं काय, हे आमच्यातल्या म्हाताऱ्यांना पाठ होतं. कोणी विषय काढला नाही. मायेपोटीच नाही काढला. मला आजही शपथेवर सांगता येईल, ती मायाच होती.

आणि मी? मी ती रामकलीची गोष्ट गिळली ती गिळलीच. दरवर्षी मटार आले की घशाशी यायची. आज सांगू, उद्या सांगू. मग म्हणायचं, आता सांगून काय होणार. मुलगा झाला, त्याचं शिक्षण, ह्यांची बदली होता होता टळली, घर बांधलं, गार्डकाकू गेल्या, माई गेल्या, टॉकीज पाडून तिथे दुकानं झाली. गोष्ट माझ्यापाशीच.

आणि आता मिनू छतावर बसून मला वाचून दाखवत होती. ऐसी औरतें अब कहाँ.

"उठ," मी म्हटलं. "आपल्याला दतिया गेटला जायचंय."

"अभी? मटर?"

"मटार घे बरोबर."

*

ई-रिक्षाने गेलो. मांडीवर मटारांची पिशवी, पर्समध्ये करंडा आणि तिळगूळ. कमलताई आता चौऱ्याऐंशीच्या. धाकट्या दिराचा मुलगा आणि सून नीट सांभाळतात. अंगणात उन्हात खाटेवर बसल्या होत्या, अंगावर स्वेटर, कपाळावर तेच कुंकू, हात थरथरत असल्याने जरा वाकडं लागलेलं.

"नवी आली का?" मला बघून म्हणाल्या. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची नवी.

मी करंडा काढायला लागले, तर म्हणाल्या, "थांब, ते पळून जात नाही. पिशवीत काय?"

"मटार."

"ओत इथे."

परातीत ओतले. तिघी सोलायला बसलो. मिनूने मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला आणि सिनेमा लावला, मधलं मधलं पुढे सारत. कमलताईंना आता नीट दिसत नाही, पण गाणी ऐकू येतात. दासीचं तेलाचं गाणं लागलं तर त्यांची मान हलायला लागली. मला माईंची फोडणी आठवली.

मी खाली बघत म्हटलं, "कमलताई, एक सांगायचं राहिलंय."

आणि सांगितलं. रामकली, तिचं गाव, राणीने विझवलेला दिवा, नदीतली नाव, सगळं. दिवसा यावं म्हणाली, तेही. मला ती गोष्ट हळदीकुंकवाच्या आधी माहीत होती, तेही. मिनू मोबाइल सोडून माझ्याकडे बघायला लागली.

कमलताईंनी शेंग फोडली, दाणे अंगठ्याने सारले, टरफल बाजूला टाकलं.

"रामकली माझ्याकडे पण यायची गं," म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हाला..."

"तुझ्या आधीपासून. तिने मला सिनेमा लागायच्या आधीच सांगितलं होतं. दोनदा."

इतकी वर्षं मी जे चोरून ठेवलं होतं ते त्यांच्याच घरचं निघालं.

"मग तुम्ही का नाही गेलात?"

"रामकलीची राणी रामकलीच्या गावची. तिला तिथे नावाडी भेटला असेल." त्यांनी पुढची शेंग उचलली. "मला आपल्यातली एक हवी होती. पंधरा-वीस जणींत एकीने म्हटलं असतं ना, जाऊ दे, विझव, तर मी त्याच संध्याकाळी पत्र टाकलं असतं. वाटलं होतं तू म्हणशील. तुला दाखवलं होतं ना पत्र."

मी मान वर केली नाही. त्यांच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. जुन्या कपड्याची शिवण कुठे उसवली ते दाखवावं तसं त्या दाखवत होत्या.

"रडू नकोस," म्हणाल्या. "वीस वर्षांची होतीस. सासू समोर. मी तुझ्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. आणि माझं काही वाईट नाही गेलं. अर्ध्या झाशीच्या पोरींना शिवायला शिकवलं. मास्तरीणच झाले की, खुर्ची तेवढी नव्हती."

मिनूला राहवलं नाही. "कमल आजी, यहाँ सब लोग अपनी राय लिखते हैं. आप भी लिखवाओ ना. मैं लिखती हूँ."

"काय लिहितात?"

"यही कि रानी कितनी महान थी. ऐसी औरतें अब कहाँ."

पडद्यावर वादळ सुरू झालं होतं, वाऱ्याचा आवाज तांब्यात घुमत होता.

"लिही," म्हणाल्या. "सिनेमा चांगला आहे. गाणी फार चांगली. एक चूक आहे. बारा वर्षं रोज दिवा जळला. एवढं तेल कोण आणत होतं? दासी नुसती गाते. ते तेल येतं कुठून, ते कोणी दाखवलं नाही."

मिनू हसली. तिला ते राजाच्या मिशीसारखं वाटलं, घोड्याच्या ठिपक्यासारखं. ती हिंदीत टिपून घ्यायला लागली.

मला हसू आलं नाही. तेल कोण आणत होतं ते मला माहीत होतं. पहिलं कुंकू आम्ही लावत होतो. पहिलं ताट आम्ही पाठवत होतो. नव्या सुनांना पाया पडायला आम्ही लावत होतो. एवढा मान, की त्यातून उठून जायला जागाच नाही. वाती तर मी दिल्या, एकसारख्या वळून. दर पौषात कमलताईंचा दिवा जरा मंद होतोय असं वाटलं की आम्ही सगळ्या मिळून, तिळगूळ घ्या गोड बोला म्हणत, तेल ओतून येत होतो. राणी कोण होती ते सिनेमा बघणाऱ्या सगळ्यांना कळलं. दासी कोण होती ते मला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दतिया गेटाच्या अंगणात कळलं.

"नवी," कमलताई म्हणाल्या, "तुझं मत राहिलं."

"कसलं?"

"तेच. त्या दिवशी विचारलं होतं ते. आता सांग. मी शेंगांकडे बघते, तुझ्याकडे बघत नाही."

त्या खरोखरच खाली बघायला लागल्या. अंगणात ऊन होतं. सून आत भांडी लावत होती. मोबाइलवर राजा पोहोचला होता आणि अकरावं गाणं सुरू झालं होतं.

मी म्हटलं, "विझवायला हवा होता. बारा कशाला, चार वर्षं पुष्कळ होती."

टप् असा शेंगेचा आवाज आला.

"हं," कमलताई म्हणाल्या. चार दाणे मिनूच्या तळहातावर ठेवले, चार माझ्या. उरलेले स्वतःच्या तोंडात टाकले आणि बिनदातांनी बराच वेळ चघळत राहिल्या. "यंदा गोड आहेत."

निघताना सवयीने माझा हात पर्सकडे गेला. त्यांनी तो मनगटाशी धरला. शिवण शिवलेली ती बोटं अजून घट्ट आहेत.

"पुढच्या वेळी करंडा नको आणूस," म्हणाल्या. "मटार आण. आणि अशीच दिवसा ये."